केप कोस्टच्या त्या अनोळखी माणसांचे आभार

आईला घेऊन घानाच्या सेंट्रल रीजनमध्ये चार दिवस फिरून आलो. ज्यांनी आम्हांला सांभाळलं, त्यांची नावं विचारायची राहूनच गेली. म्हणून हे जाहीर आभार.

काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांजवळून सात झुलते पूल जातात, मिळून साधारण 350 मीटरचे. पहिल्याच पुलावर आईचे पाय लटपटले. मागून येणाऱ्या एका शाळकरी मुलीने तिचा हात धरला, तो शेवटच्या फळीपर्यंत सोडला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

केप कोस्टच्या किल्ल्यातल्या गाईडकाकांचे आभार कसे मानू? गुलामांच्या अंधारकोठडीत त्यांनी एवढंच सांगितलं की प्रार्थनाघर बरोबर याच्या डोक्यावर होतं. आई भिंतीला हात लावून रडू लागली. ते गप्प उभे राहिले, पुढच्या गटालाही दारातच थांबवलं. मग गुलामांना जहाजांकडे नेत त्या समुद्राकडच्या ‘परत न येण्याच्या दारा’तून बाहेर नेऊन पलीकडची पाटी वाचायला लावली : ‘परतीचं दार’.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. आम्ही वसईचे, पोर्तुगीज तटबंदीत खेळत वाढलेलो. तरी तिथं, जिथं गुलामांना कोंडून ठेवायचे, पाऊल जड झालं. परतताना पासपोर्टची पिशवी ट्रोट्रोत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, राहिली. कंडक्टर पोरगा भर उन्हात धावत येऊन ती देऊन गेला. पैसे घेतले नाहीत.

दादा, तुला आणि तुम्हां सगळ्यांना, तुमच्याच भाषेत : मेदासे!