बाळ्या, डावा हात बघ

शहापूर, बेळगाव
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. (हसू नको. पत्र लिहायचं तर रीतसर.)

दिवाळीपासून तुझे फोन येऊन गेले आणि मी उलट केले नाहीत, त्याच्या शिव्या भेटल्यावर दे. इकडं सगळं ठीक. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आईचे गुडघे आहेत तसेच. पुढचं वाच.

मास्तर टीव्हीवर दिसले.

पुतण्यानं आईसाठी जुन्या कॉम्प्युटरला डिशचं ट्यूनर कार्ड लावून दिलंय. फ्री डिशवर सह्याद्री येते, तिचं कीर्तन लागायला आणि पाहुणे यायला एकच वेळ, म्हणून ते आपोआप रेकॉर्ड व्हावं अशी सोय. टीव्हीहेडएंड नावाचं सॉफ्टवेअर टिपून ठेवतं, कोडी नावाचं दाखवतं. ह्या कोडीचं नाव आधी एक्सबीएमसी होतं, ते बदललं २०१४ साली, म्हणजे आपल्या गावाचं बदललं त्याच वर्षी. आमच्या घरात दोन्ही नवी नावं अजून कुणाच्या तोंडी बसलेली नाहीत.

तर त्या यंत्रानं कीर्तनाच्या पाठोपाठचा एक जुना गाण्याचा कार्यक्रमही टिपला. गाणाऱ्या बाई कोण ते तुला पहिल्या आलापातच कळेल. तबल्यावर मास्तर. केस काळेभोर, अंगात तो बदामी झब्बा. होय, तू चहा सांडलास तोच.

पण चित्र बघवेना. बाईंचा चेहरा स्वच्छ, तानपुरा स्वच्छ, आणि मास्तरांच्या बोटांना कंगव्याचे दात फुटलेले. घरच्यांना विचारलं तर एकजात "चांगलं दिसतंय की!" दिसणारच. ते गाणारीच्या तोंडाकडं बघतात. तबलजीच्या हाताकडं बघणारे बेळगावात दोघंच होते, त्यातला एक पुण्याला पळाला.

मग मी हात धुऊन मागं लागलो. डिशवाला गच्चीवर चढला, आग्नेयेकडं तोंड केलेली छत्री हलवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सिग्नल चलो ऐत्रि सावकार." म्हणजे सिग्नल चांगला आहे. खरंच होतं ते. सिग्नल कमी पडला की पावसाळ्यात होतं तसं चित्राचे चौकोन फुटतात, आवाज कचकन तुटतो. ते नुकसान फाईलीतच बसतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर त्याच सेकंदाला दिसतं. इथं तसं काही नव्हतं. खडेबाजारातला दुकानदार म्हणाला ग्राफिक कार्ड घाला. पुतण्या म्हणाला रेकॉर्डिंगची क्वालिटी वाढवू. अरे, वाढवायची कुठून? डिशवरून जे येतं तेच जसंच्या तसं डिस्कवर उतरतं, मधे कुणी हात लावत नाही. आणि ५७६ ओळींचं साधं चित्र दाखवायला दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही पुरतो.

गोम वेगळीच होती. आपल्याकडं टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ वेळा येतं खरं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उरलेल्या २८८. तेवढ्यात बाईंचा चेहरा हलत नाही, पण मास्तरांचं बोट शाईवरून किनारीवर गेलेलं असतं. जुन्या डबा टीव्हीला हे हप्ते आले तसे दाखवता यायचे. आताचा सपाट टीव्ही सगळ्या ओळी एकदमच दाखवतो, मग दोन वेळांची दोन बोटं एकमेकांत घुसतात आणि कंगवा तयार होतो. तो विंचरायचं काम कोडीनं करायचं. सेटिंगमध्ये त्याला डीइंटरलेस म्हणतात.

तिथंही एक मेख आहे. पुतण्यानं 'हाफ' लिहिलेला पर्याय निवडला. कंगवा गेला, पण पन्नासातले २५ क्षणही गेले. आता तूच हिशेब कर. रेल्यात, त्या जलद बोलांच्या सपाट्यात, मास्तर सेकंदाला सोळा अक्षरं सहज काढायचे. २५ चित्रांत एका अक्षराच्या वाट्याला दीड चित्र येतं, पन्नासात तीन. दीड चित्रात 'तिरकिट'मधला 'ति' आणि 'ट' वेगळे कसे दिसणार? पुतण्या म्हणाला, "काका, ऐकू तर येतंय ना?" तुझी आठवण झाली. तू त्याच्या कानाखाली काढली असतीस.

पन्नास केले तरी लय लंगडत होती. शोधलं तर कॉम्प्युटर टीव्हीला ६० हर्ट्झनं चित्र पाठवत होता. पन्नास चित्रं साठ घरांत बसवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवायचं, सेकंदाला दहा ठेचा. कोडीत 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' चालू केलं, टीव्ही पन्नासवर आला आणि मास्तर मोकळे झाले. मी एकटाच उठून टाळ्या वाजवल्या. ही आतून म्हणाली, दार वाजतंय का बघा.

(आपल्या व्हिडिओ पार्लरच्या दिवसांत तू व्हीसीआरचं हेड अत्तराच्या रुमालानं पुसायचास, आणि चित्रात मुंग्या आल्या की कॅसेटवर ढकलायचास. ते मी विसरलेलो नाही. तिसऱ्या गेटपर्यंत वास यायचा.)

आता खरं सांगायचं ते.

एवढं सगळं झाल्यावर एक थरथर उरली. विलंबितात, बाई स्वर लावून थांबलेल्या असताना, मास्तरांचा डावा हात डग्ग्यावर टेकलेला असतो ना, तो हलतो.

मी आधी यंत्रालाच धरलं. प्रत्येक हप्त्यात गाळलेल्या ओळी नुसत्या ताणून भरल्या की आडव्या कडा वरखाली थरथरतात, आणि खरोखरच गालिच्याची किनारही थरथरत होती. त्या पद्धतीला बॉब म्हणतात. मग हालचाल बघून ओळी भरणारी दुसरी पद्धत लावली. किनार थांबली. हात थांबला नाही. म्हटलं हप्त्यांचा क्रम उलटा झाला असेल. तसं झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट तीन पावलं पुढं, एक मागं जाते. पण बाईंचा हात आलापात सरळ फिरतोय, तानपुरेवालीची बोटं सरळ फिरतायत. शेवटी पन्नास चित्रांची वेगळी फाईल केली आणि एकेक चित्र पुढं सरकवत बघितलं. दहाएक चित्रांत हात एकदा खाली जाऊन वर येतो. म्हणजे सेकंदाला पाच वेळा. बाळ्या, यंत्राची थरथर अशी नसते. ती सेकंदाला दहा असते, पंचवीस असते, टीव्हीच्या आकड्यांना बांधलेली. पाचाची थरथर कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.

कपिलेश्वराच्या त्या कार्यक्रमानंतर मी जे बोललो होतो ते तुला आठवत असेलच. "मास्तरांचा हात कापतोय" म्हटलं तर तू चपला घालता घालता म्हणालास, "तुझे डोळे कापतायत, चष्मा बदल." नंतर पावसाळा संपेपर्यंत तू शहापुरातून गेलास तरी आमची गल्ली टाळून. दूध आणायला सुद्धा लांबून! असो. मी ते उकरायला लिहीत नाही. हे रेकॉर्डिंग त्याच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणजे आपण भांडलो तेव्हा मास्तर हे कधीपासून सांभाळत होते. नीट बघितलंस तर कळेल, विलंबितात दोनदा ते डावा हात उचलून मांडीखाली दाबून ठेवतात. आपल्याला वाटायचं, काय रुबाब आहे! शिकवताना शेवटी शेवटी घिस्सा, डग्ग्यावर मनगट घासून काढायचा तो आवाज, टाळायचे, आणि तू म्हणायचास की मास्तरांची शैली पालटली. द्रुतात मात्र हात दगडासारखा. थरथर नावाला नाही. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "काय बघालास रे त्या हातात एवढं?" काय सांगू तिला?

आणि मास्तरांच्या थोरल्याला कळलंय. त्याला कॉपी हवी आहे. पुण्यतिथीला वडगावच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावणार आहेत, सगळे शिष्य येणार, ते हुबळीचेही. "काका, चांगल्यात चांगली क्वालिटी द्या" म्हणाला. प्रोजेक्टरसाठी एमपी४ करावी लागेल, आणि ती करतानाच ठरवावं लागतं की हप्त्यांचं काय करायचं. पन्नास ठेवले तर रेला असा दिसेल की हुबळीकरांची तोंडं बंद होतील, पण त्या पडद्यावर तो हातही पुरुषभर दिसेल. दोन्ही हप्ते एकमेकांत मिसळून टाकले, 'ब्लेंड' करून, तर हात मऊ होतो, थरथर पुसट होते. रेलाही जातो. आणि आपण दोघं सोडून कुणाला कळणारही नाही की काही काढलंय.

थोरल्याला ह्यातलं काही माहीत नाही असं दिसतं. त्याच्या मते बाबांनी मन उडालं म्हणून वाजवणं सोडलं. घरी मास्तरांनी तसंच सांगितलं असणार. मग मी कोण पडद्यावर मांडणारा? पण मास्तरांचा रेला पुसून टाकणारा तरी मी कोण? नुसतं द्रुत कापून द्यावं असंही डोक्यात आलं, तर विलंबितातली ती आमद आहे, ती रचना जी तुला त्यांनी कधीच पूर्ण शिकवली नाही. ती तिथं आहे. अख्खी.

भाचा रविवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर पेनड्राईव्ह आणि कुंदा पाठवतो. पेनड्राईव्हवर दोन फाईली आहेत, एक पन्नासची, एक मिसळलेली, शिवाय मूळ रेकॉर्डिंग. मूळ फाईल टीव्हीत लावू नको, लॅपटॉपवर व्हीएलसीत लाव, डीइंटरलेस चालू कर आणि पद्धत 'यादिफ २एक्स' निवड. कुंदा वहिनींसाठी आहे, तुझी साखर मला माहीत आहे.

धाकटीला नोकरी लागली म्हणे, अभिनंदन. फ्लॅटची लिफ्ट झाली का सुरू? कंबरेला ते तेल लावतोयस ना?

थोरल्याला पुढच्या सोमवारपर्यंत कॉपी द्यायची आहे. कुठली देऊ ते तू सांग. मास्तरांचा लाडका तू होतास. आणि ह्या वेळी फोन मी उचलतो.

तुझा,
आप्पा