ओपीडीचा खर्च मास्क-किटवर संपत नाही

महोदय,

कोविडच्या साथीत ओपीडींनी फी का वाढवली, याचा कालच्या अंकातला हिशेब वाचून राग आला. कान-नाक-घशाच्या ओपीडीचा जादा खर्च लेखकाने मास्क, किट आणि सॅनिटायझर एवढ्यातच बसवला आहे. सर्वांत मोठा खर्च वेळेचा होता. तो लेखात कुठेच नाही.

नाकात दुर्बीण घातली की रुग्ण शिंकतो, खोकतो. साथीत त्यानंतर हवा बदलेपर्यंत पुढच्याला आत घेता येत नव्हते. तासाला 12 वेळा हवा बदलत असेल तर 99.9 टक्के कण निघायला 35 मिनिटे लागतात, 6 वेळा बदलत असेल तर 69. दहा बाय बाराची, 10 फूट उंचीची खोली धरली, तर 12 वेळांसाठी मिनिटाला 240 घनफूट हवा बाहेर फेकावी लागते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याचा इथे उपयोग नाही. एक्झॉस्ट हवा, आणि समोरून ताजी हवा आत यायला वाट हवी. पेठांतल्या जुन्या इमारतींत खिडकी डक्टमध्ये उघडते आणि शेजारच्या बिऱ्हाडाचीही तिथेच. म्हणजे सोसायटीची परवानगी आणि गच्चीपर्यंत पाइप. टेबलाभोवती लावलेले प्लास्टिकचे पडदे तर हवेची वाटच अडवत होते. तो पैसा वाया गेला.

दुर्बीण एका रुग्णानंतर लगेच दुसऱ्याला वापरता येत नाही. गळती तपासायची, एन्झाइमच्या द्रावणात धुवायची, ओपीए या जंतुनाशक रसायनात 20 अंशांना 12 मिनिटे बुडवायची, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायची, कोरडी करायची. धुण्यात घाई झाली तर राहिलेले ओपीए रुग्णाच्या नाका-घशाला त्रास देते. एका दुर्बिणीवर तासाला दोन रुग्ण, फार तर. पूर्वीइतके रुग्ण पाहायचे तर दुसरी दुर्बीण घ्या, आणि ती काही हजारांत येत नाही.

हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे 1 टक्क्याचे द्रावण कसे करायचे, ही लेखातली चौकटही चुकली आहे. एक भाग द्रावण, नऊ भाग पाणी हे 10 टक्क्यांच्या कॅनसाठी. 5 टक्क्यांच्या कॅनला पाणी चारच भाग, नाहीतर द्रावण निम्म्या ताकदीचे होते. ते रोज ताजे करावे लागते आणि धातूच्या उपकरणांना गंज चढवते, हेही छापायला हवे होते.

आणि सोबत फवारणीच्या बोगद्याचे छायाचित्र का? माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच कळवले होते. कृपया दोन्हींची दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त परिचारिका, सदाशिव पेठ, पुणे 30