नवे अधिकारी, नव्या नेमणुका : सभासदांसाठी सूचना

संघटनेच्या सर्व बसचालक, वाहक व कार्यशाळेतील सभासदांना कळवण्यात येते की, महाव्यवस्थापकपदाची सूत्रे नव्या अधिकाऱ्यांनी स्वीकारली असून आगार व्यवस्थापक आणि काही वाहतूक नियंत्रकही बदलले आहेत.

हारतुरे नंतर, आधी कागद सांभाळा. जुन्या साहेबांनी तोंडी मंजूर केलेली रजा किंवा ड्युटीची अदलाबदल नव्या साहेबांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ड्युटीच्या चार्टवर नोंद नसेल तर सरळ गैरहजेरी लागते. त्यामुळे प्रलंबित अर्ज पुन्हा दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह शिक्का घ्या. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक ‘संदर्भ’ म्हणून विषयाखाली लिहा. अर्ज हुद्द्याच्या नावे करा, व्यक्तीच्या नव्हे. नाहीतर तो बदलीसोबत फिरत राहतो.

वाहकांनी रोकड भरणा करताना वेबिल (फेरीतील तिकिटांच्या हिशेबाचा कागद), तिकीट मशीनचा अहवाल आणि रोख यांचा ताळा खिडकीवरच जुळवावा. नवा रोखपाल असला की पहिल्या आठवड्यात घाई होतेच, आणि तूट मागाहून वाहकाच्या नावावर निघते. चालकांनी ब्रेक, स्टिअरिंगचे दोष लॉगशीटमध्ये लिहून पर्यवेक्षकाची सही घ्यावी.

बदली झालेल्यांनी कार्यमुक्ती आदेश हातात आल्याशिवाय नव्या आगारात हजर होऊ नये. अंतिम वेतन प्रमाणपत्र (जुन्या आगाराने दिलेला शेवटच्या पगाराचा दाखला) नव्या आगारात पोहोचले का, याचा पाठपुरावा स्वतः करावा. पहिला पगार बहुधा त्यावाचूनच रखडतो.

अडचण आल्यास आगार प्रतिनिधीकडे लेखी द्यावे, सोबत पोच घेतलेली प्रत जोडावी.

– कार्यकारिणी