शिकाऊ वैमानिक आणि खराब हवा

मा. संपादक,

जिल्ह्यातली मुलं वैमानिक व्हायला निघाली की पालकांना एकच धास्ती असते: हवा खराब असताना प्रशिक्षक मुलांना वर नेतात का? न्यायलाच हवं, असं आमचं ठाम मत आहे. मात्र कुठली हवा, हे जमिनीवरच ठरलं पाहिजे.

आडवा वारा, म्हणजे धावपट्टीला बाजूने येणारा, शिकवलाच पाहिजे. २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर आडवा जोर १० नॉट. कोन ६० अंश झाला की १७. सेसना १५२ या शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत १२ नॉटपर्यंतचा आडवा वारा आजमावलेला आहे. म्हणजे पहिल्या वाऱ्यात धडा होतो, दुसऱ्यात विमान बाहेरच काढू नये. वाऱ्याकडचा पंख खाली, उलट बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू), वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं, इथपर्यंत मुलं नीट करतात. चाकं टेकली की उतरलो म्हणून एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) सैल सोडतात आणि पंख उचलला जातो. खरं तर वेग उतरेल तसा एलेरॉन वाऱ्याकडे वाढवत न्यायचा असतो.

पावसाळी दमट हवेत, बाहेर २५ अंश तापमान असलं तरी, उतरताना इंजिन मंद केलं की कार्बोरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरतो. थ्रॉटलला (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात न लावता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) घसरू लागतात. गरम हवेचा नॉब पूर्ण ओढायचा. वितळलेलं पाणी इंजिनात गेल्याने ते क्षणभर आणखी खडखडतं, आणि घाबरलेला विद्यार्थी नॉब परत आत ढकलतो! ही खडखड पहिल्यांदा ऐकताना प्रशिक्षक शेजारी हवा.

वळवाचं मात्र वेगळं. तिथे शिकवणी नकोच. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी ढग उभे राहतात; पाऊस लांब असतानाच ढगातून कोसळलेली थंड हवा धुळीचा लोट घेऊन कित्येक मैल पुढे येते आणि बघता बघता वारा फिरवते. त्यात ४२ अंशांच्या उन्हात दीड हजार फूट उंचीवरचं आपलं विमानतळाचं मैदान हवा विरळ झाल्याने विमानाला पाच हजार फुटांसारखं लागतं, चढ मंदावते. अशा वाऱ्यात प्रशिक्षकाचा हातही अपुरा पडतो. ढगात शिरण्याचंही तसंच. उपकरणांवर उडायचा सराव डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावून स्वच्छ हवेत होतो.

वारा, दृश्यता आणि ढगांची उंची यांच्या मर्यादा प्रत्येक विद्यार्थ्यापुरत्या लेखी असाव्यात, आणि ‘आज नको’ हे आधी त्याने म्हणावं. हवेमुळे रद्द झालेल्या उड्डाणाचा भुर्दंड संस्थेने विद्यार्थ्यावर टाकू नये. प्रवेश घेतानाच पालकांनी हे लिहून मागावं.

– सोलापुरातील काही उड्डाण प्रशिक्षक