शॉकअपच्या नावाखाली मुलांना जड लोखंड विकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आम्ही साताऱ्यात राहतो, मुलगी अकरावीला आहे, दीड वर्षापूर्वी तिला गिअरची सायकल घेतली, १३ हजारांची. दुकानदाराने सगळ्यात आधी काय दाखवलं असेल तर पुढचा शॉकअप. दोन्ही हातांनी हँडल दाबून दाखवलं, बघा मॅडम कसं दबतंय, पोरीला खड्डे कळणारच नाहीत. आम्हीही त्याच्यावरच भुललो आणि घेतली. रोज क्लासला जाते, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला.

एकच पावसाळा गेला आणि शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तांबूस ठिपके आले, पुढचा ब्रेक दाबला की टकटक आवाज, उतारावर हँडल थरथरायला लागलं. तिची तक्रार वेगळीच होती, म्हणाली आई चढावर उभं राहून पॅडल मारलं की माझा जोर सगळा शॉकअपात जिरतो, सायकल पुढे सरकतच नाही. दुकानात नेली तर उत्तर मिळालं की हे रिपेअर होत नसतं, वरच्या क्लासचा एअरवाला, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा टाकून घ्या. पोरीच्या जिवापेक्षा पैसे मोठे नाहीत म्हणून ऑनलाइन मागवला, १६ हजारांचा, म्हणजे सायकलीपेक्षा शॉकअप महाग, आणि तो बसलाच नाही.

का बसला नाही ते मला नंतर कळलं, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितेय. शॉकअपला फोर्क म्हणतात, पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग. त्याची वरची दांडी जी फ्रेमच्या पुढच्या नळीतून हँडलपर्यंत जाते, ती आमच्या सायकलीला वरपासून खालपर्यंत सरळ २८.६ मिमीची आहे. नव्या फोर्कची दांडी वर तेवढीच पण खाली दीड इंचापर्यंत जाड होत जाणारी, तिला टेपर्ड म्हणतात, ती आमच्या फ्रेममध्ये जाणारच नव्हती. बरं गेली असती तरी चाक बसलं नसतं कारण आमचं चाक ९ मिमीच्या क्विक रिलीजचं, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसाचं, आणि नव्या फोर्कला १५ मिमीचा एक्सल म्हणजे जाड आस, म्हणजे हब, चाकाचा मधला तुंबा, तोही नवीन घ्या, चाकही नव्याने भरून घ्या. आजकाल चांगले एअर फोर्क बहुतेक असेच येतात. आणि ८० मिमीच्या जागी १२० मिमी दबणारा टाकला तर सायकल पुढून उचलली जाते, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमवर ताण येतो तो वेगळाच. यातलं एक अक्षर दुकानात कुणी बोललं नाही. फोर्क परत गेला, जाण्या-येण्याचं कुरिअर आमच्या अंगावर.

मग आमच्या पेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो, चाकाचा आऊट काढण्यात आणि ओव्हरहॉलिंगमध्ये ज्यांचा हात कुणी धरणार नाही असे. त्यांनी फोर्क खोलून कागदावर मांडला. एका पायात स्प्रिंग, आणि ग्रीस कुठे होतं तर वरच्या टोकाला बोटभर, बाकी सगळा गंजाचा विटकरी चिखल. प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे आत नळी सरकते ती कडी, एका बाजूने इतका घासला होता की गोल राहिलाच नव्हता, टकटक तिथूनच. दुसरा पाय जवळपास रिकामा. मिस्त्री म्हणाले ताई यात तेल पाहिजे, तेल असतं म्हणून दबलेली स्प्रिंग सावकाश परत येते, तेल नसेल तर ती उडी मारते आणि हँडल हाताला झटके देतं. वर प्लस-मायनसची खुंटी आहे ना, तिने शॉकअप मऊ होत नाही, स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची तेवढंच ती ठरवते.

त्यांनी सगळं पुसून ग्रीस भरलं आणि नळीला एक प्लॅस्टिकची झिप टाय गच्च बांधली, म्हणाले घाट उतरून ये आणि ही किती वर सरकली ते बघ. पोरीचं वजन ४८ किलो. फोर्कवर लिहिलंय ८० मिमी दबतो, झिप टाय सरकली ३० मिमी. म्हणजे स्प्रिंग एवढी कडक, की तिच्या वजनाची ती नव्हतीच कधी! दीड वर्ष ते ओझं तिने घाटात नुसतं वाहिलं.

शेवटी साधा स्टीलचा चिमटा, म्हणजे न दबणारा फोर्क बसवला, डिस्क ब्रेकची जागा असलेला, १,९०० रुपयांना. ती सायकलवर बसलेली असताना जुना फोर्क टेपने मोजला आणि तेवढ्याच उंचीचा शोधला, म्हणजे सायकलचा तोल बदलत नाही. वाण्याच्या काट्यावर दोन्ही ठेवले, जुना २ किलो ६०० ग्रॅम, नवा १ किलो २००. टायरमध्ये आधी दगडासारखी ५५ पीएसआय हवा भरून मिळायची ती ३२ वर आणली, २.१ इंची टायर आहे, बारीक खडबड तोच खातो. आता ब्रेक दाबला की आवाज नाही आणि घाटात मैत्रिणींच्या मागे राहत नाही.

माझं शॉकअपशी वैर नाही. १९९० साली अमेरिकेत दुरँगोला पहिली अधिकृत माउंटन बाईक वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथली डाउनहिल म्हणजे उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्स कंपनीच्या पहिल्या फोर्कवर जिंकली, तो जेमतेम ५ सेंटिमीटर दबायचा पण आत हवा होती आणि तेल होतं. ज्या मुलांना खरंच डोंगरात दगडधोंड्यांतून चालवायचीय त्यांनी एअर फोर्क जरूर घ्यावा, पण फ्रेम आधीच त्या मापाची बघून घ्यावी, १३ हजारांच्या सायकलीवर नंतर चढवायला जाऊ नये.

कंपन्यांना माझी विनंती आहे की फ्रेमवर गिअर किती ते जसं मोठ्ठं छापता तसं दांडीचं माप, एक्सलचं माप, फोर्क किती दबतो आणि तो किती वजनाच्या माणसासाठी आहे हेही छापा. बुश आणि सील सुट्टे विकायला ठेवा, दीडदोनशे रुपयांच्या बुशापायी अख्खा फोर्क भंगारात जातोय. आणि त्याच किमतीत साधा चिमटा, चांगले टायर आणि चांगले ब्रेक असलेली सायकल दुकानात समोर लावा. सायकली आणि त्यांच्या पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा एवढं करायला जागा नक्की आहे. जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडतात तेव्हा सायकलींची सगळ्यात जास्त खरेदी होते, निदान त्याच्या आत दुकानदारांनी आपल्याकडच्या प्रत्येक मॉडेलची ही चार मापं एका कागदावर लिहून काउंटरवर चिकटवावीत.

– एक पालक, सातारा