माऊ, गुरुवारच्या ट्रायलआधी

प्रिय माऊ,

फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज कसा चढतो ते तुला माहितीय, म्हणून टाईप करत बसलोय. वेळ लागतोय पण चालेल. सोमवारी पहाटे तू चहासुद्धा न घेता साडेपाचच्या गाडीनं गेलीस, आईनं डबा भरून ठेवला होता तो तसाच ओट्यावर राहिला. ती मला काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा काय असतं ते तुला सांगायला नको.

चुकलंच माझं. कावळा नाक्यावर मी मधेच हॅन्डब्रेक ओढायला नको होता आणि दाजी मागं बसलेले असताना ओरडायला तर नकोच होतं. पण बाळा तो मोपेडवाला तुझ्या डाव्या अंगाला अगदी खेटून होता आणि तू इंडिकेटर दिलास की वळायलाच लागलीस, आरशात बघितलंच नाहीस. असो. डाव्या आरशाचं आज लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. लायसन्सच्या ट्रायलचंच लिहितो.

साडेनऊचा स्लॉट आहे ना, मग नाशिक फाट्याला टेस्टच्या ट्रॅकवर नऊच्या आत पोच. लर्निंग लायसन्स ओरिजिनल घे, स्लॉटची प्रिंट, आधार कार्ड. गाडी क्लासची असली तरी तिचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आहे का ते आदल्या दिवशीच विचार, पीयूसीची तारीख स्वतः बघ, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नको. क्लासवाला तुला म्हणाला म्हणे 'मॅडम टेन्शन घेऊ नका, मी बघून घेतो'. तो काय बघून घेणार? तिथं ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे आहेत, कडेला चाक लागलं तर ते लागलंच. आणि उद्या रस्त्यावर तो तुझ्या शेजारी असणार आहे का?

गाडीत बसलीस की आधी सीट पुढं-मागं करून घे, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे. क्लासची गाडी दिवसभरात धा जण चालवतात, आरसे तुझ्या उंचीचे नसणार. मग बेल्ट, मग न्यूट्रल बघून चावी. हे सगळं शांतपणे कर, मागं लाईन असली तरी. लाईनवाल्यांना काय करायचंय.

आठचा आकडा पहिल्या गिअरवरच काढायचा. ॲक्सिलेटरला पाय लावू नको, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडला की, गाडी आपोआप सरकते. तू बॉनेटच्या टोकाकडं बघतीस आणि मग स्टेअरिंग उशिरा फिरवतीस, नजर पुढच्या वळणावर ठेव, हात आपोआप जातात. एच आकाराच्या ट्रॅकमध्ये रिव्हर्स घेताना घाई नको. चढाचं तुला सगळ्यात जास्त भ्या आहे पण मला त्याची काळजी वाटत नाही खरं सांगू का. रेषेवर थांबायचं, हॅन्डब्रेक लावायचा, पहिला गिअर, क्लच हळू सोडत यायचं, इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटलं की थोडा ॲक्सिलेटर देऊन मग हॅन्डब्रेक सोडायचा. मागं सरकत नाही ती. माझा उस्ताद मागच्या चाकाला काडेपेटी लावून ठेवायचा, काडेपेटी चेपली की त्या दिवशी परत स्टेअरिंग नाही. मी दोन काडेपेट्या चेपल्या, तिसरी आजीनं देव्हाऱ्यापाशी ठेवली होती कितीतरी वर्षं.

आता तू म्हणशील पप्पा लेक्चर सुरू झालं. झालंच. सॉरी.

पण एक सांगतो, मी तीस वर्षं एसटी चालवली तरी डावी बाजू माझी नव्हतीच बघ. डावीकडं कंडक्टर असायचा. डबल बेल पडली की निघायचं, सिंगल पडली की थांबायचं, रिव्हर्स घ्यायची असली की तो खाली उतरून मागं पत्र्यावर थापा मारायचा, येऊ दे, येऊ दे, बास. आपण नुसतं ऐकायचं. तू पाच वर्षांची असताना रत्नागिरी गाडीला आत माझ्या शेजारच्या बॉनेटवर चादरीची घडी टाकून तुला बसवायचो, आठवतंय का, आंबा घाट लागला की तू झोपायचीस आणि साखरप्याला उठून तोंडानंच टिंग टिंग करायचीस. कंडक्टर म्हणायचा आता माझं काय काम.

आणि हे मी घरात कधी सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. 1997 साली बांबवड्याच्या बाजारात माझी गाडी उभी होती, डबल बेल पडली, मी गिअर टाकला आणि डावीकडं घेतली. दोन्ही बाजूला किटल्या अडकवलेली एक सायकल होती, म्हातारा माणूस होता. मला दिसला नाही म्हणणं खोटं आहे, मी बघितलंच नाही, आरसा होता की तिथं. सगळं दूध रस्त्यावर गेलं. माणूस वाचला, कोपराला लागलं फक्त. उठून उभा राहिला आणि मलाच म्हणाला, 'जाऊ द्या ड्रायव्हर, लोकं खोळंबल्यात.' त्या रात्री रत्नागिरीला मुक्काम होता, मी जेवलो नाही. रविवारी तो मोपेडवाला दिसला आणि माझा हात हॅन्डब्रेकवर गेला तो असा गेला. तुझ्यावर रागावलो नव्हतो गं.

परत तिथंच आलो बघ.

तुझ्या गाडीत कंडक्टर नाही, बाळा. पुण्यात तर डावीकडनं कोण कधी घुसेल सांगता येत नाही, रिक्षा, टू-व्हीलर, डिलिव्हरीवाली पोरं. वळायच्या आधी आरसा, आणि आरशात दिसलं नाही तरी एकदा मान वळवून बघायचं.

नापास झालीस तर 7 दिवसांनी परत देता येते. तीनदा नाही झालं तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. तुझं लर्निंग ऑगस्टचं आहे, 6 महिने धरले तर फेब्रुवारीपर्यंत चालतंय, म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण होशील तू पास. रविवारी ग्राउंडवर तू पार्किंग केलंस ते एका दमात केलंस, मी तोंडानं बोललो नाही पण रात्री दादाला फोन करून सांगितलं. त्याला अजून येत नाही तसं. त्याच्या गाडीवरचा शिकाऊचा एल काढला नाही मी, 18 सेंटीमीटरचा पांढरा चौकोन मोजून कापला होता, लाल एल पण मीच चिकटवला, राहू दे अजून.

लायसन्स आल्या आल्या गाडी घेऊन एकटी कोल्हापूरला येऊ नको एवढं ऐक. पहिल्या वेळी मी येतो पुण्याला, शेजारी बसतो, बोलणार नाही काही. प्रयत्न करतो.

आईच्या गोळ्या बदलल्यात, बरी आहे ती. डबा आत्याच्या जावयाबरोबर पाठवलाय, शेंगदाण्याची चटणी आहे आणि पुरणपोळ्या, दोन दिवस टिकतील, रूमवरच्या पोरींना पण दे.

गुरुवारी झालं की फोन कर. माझ्यावर राग असला तर आईला कर, मी तिथंच बसलेला असेन.

तुझे पप्पा