पाय हलले म्हणजे पाय आले असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी औसा तालुक्यातला. 1983 ते 2016 एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा परिचर होतो. बेडूक आणायचं काम माझ्याकडं. मृगाचा पाऊस झाला की रात्री बत्ती अन् पोतं घेऊन नाल्याच्या काठानं हिंडायचो. डोळ्यावर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही, अलगद हातात येतो.

दरवर्षी एक प्रॅक्टिकल व्हायचं. सर बेडकाच्या डोक्यामागून सुई घालून मेंदू निकामी करायचे आणि त्याला स्टँडला टांगायचे. मग ॲसिडमध्ये बुडवलेला कागदाचा तुकडा त्याच्या कुशीला चिकटवायचे. क्षणभर काही नाही, मग मागचा पाय वर यायचा, बरोबर त्या जागी जायचा आणि कागद झटकून टाकायचा. मेंदू गेलेला, तरी पायाला जागा कळायची. नंतर तीच सुई कण्यातून खाली फिरवली की सगळं थांबायचं. 2011 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या सूचना दिल्या, ते फार बरं झालं. पण तो पाय मी विसरलेलो नाही.

पत्र लिहायचं कारण माझा पुतण्या. 2018 च्या उन्हाळ्यात विहिरीतली मोटार काढताना दोर तुटला आणि तो खाली खडकावर पडला. मणका मोडला. ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी घरी आणलं. दोन महिने पाय ओल्या फडक्यासारखे पडून होते. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे वहिनी चादर बदलत होत्या, तेवढ्यात उजवा पाय गुडघ्यात वाकून ताडकन वर आला. घरात आनंदानं रडारड झाली. पुतण्या मला म्हणाला, ‘तात्या, पाय आले का माझे?’ स्टँडला टांगलेला बेडूक इतकी वर्षं बघितलेला मी, ‘हो बाळा’ म्हणालो.

त्यानंतर ‘पाय मोकळे करून देतो’ म्हणणारा एक जण घरी यायला लागला. गरम तेलानं मालिश. पुतण्याला चटका कळत नव्हता. नडगीची कातडी सोलून निघाली, जखम भरायला चार महिने लागले. एक बैल विकला. पाय झटकत राहिले, उभा मात्र तो राहिला नाही.

माझी नात छत्रपती संभाजीनगरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिनं गेल्या वर्षी मला झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकाच्या पिलाबद्दल सांगितलं. अंड्यातून नुकतंच निघालेलं हे भैकेर जिऱ्याच्या दाण्याएवढं, साधारण पाच मिलिमीटर. डोक्याखालच्या चिकट स्रावानं पाल्याला लोंबकळत असतं. अंगाला बारीक केस लागला तरी सुटतं आणि पोहायला लागतं. सेकंदाला दहा ते पंचवीस वेळा शेपूट डावी-उजवीकडं, लाट डोक्याकडून शेपटाकडं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ॲलन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं याच एका पिलाच्या चेतापेशी तपासल्या. औषध देऊन पिलाचे स्नायू पूर्ण लुळे केले, तरी चेतांमधून डावा-उजवा, डावा-उजवा हाच ठेका चालू राहतो! म्हणजे तो शेपूट हलल्यामुळं येत नाही. तो मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला आणि मेरुरज्जूतच, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या जाड दोरातच, तयार होतो.

कसा? काही पेशी आपल्या बाजूच्या स्नायूंना चेतवतात. काही पेशींचा धागा पलीकडं जातो आणि समोरच्या बाजूला ‘थांब’ म्हणून दाबतो. दाब सुटला की ती बाजू उसळी घेऊन आपली पाळी करते. आमच्याकडं दोघी बाया एकाच उखळात कांडायच्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. तसंच. पिलाचं डोकं कशाला टेकलं की थांबवणाऱ्या वेगळ्या पेशी पोहणं बंद करतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला 2012 मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पिलू बराच वेळ पोहलं की पोहणं चालवणाऱ्या पेशींमधला, सोडियम बाहेर टाकणारा पंप त्यांना सुमारे मिनिटभर शांत ठेवतो, आणि तेवढ्यात पुन्हा डिवचलं तर ते कमीच पोहतं. मेरुरज्जूलासुद्धा एवढी आठवण असते, हे ऐकून मी नातीला पुन्हा सांगायला लावलं.

आपण मेरुरज्जूला मेंदूची तार समजतो. तार तुटली की खाली अंधार, आणि खाली काही हललं तर तार जोडली गेली असं वाटतं. खाली खरं तर जिवंत पेशींचं जाळं असतं. वरचा लगाम सुटल्यावर चादर घासली, लघवीची नळी तुंबली, एवढ्यानंही ते पाय झटकतं. किती बरं होईल हे डॉक्टरांनीच तपासून सांगायचं असतं, झटक्यावरून कळत नाही.

म्हणून डॉक्टरांना आणि सिस्टरना हात जोडून विनंती आहे. मणक्याचा रुग्ण घरी सोडताना घरच्यांना दहा मिनिटं बसवून मराठीत सांगा. पाय झटकतील, का झटकतील, गरम तेल-पाणी लावू नका, दर दोन तासांनी कूस बदला, झटके अचानक वाढले तर नळी आणि कातडी बघा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. आणि शाळेतल्या गुरुजींनी आषाढात लेकरांना डबक्यावर न्यावं. भैकेराला मागचे पाय फुटतात तरी शेपूट असतंच, ते दिवस बघण्यासारखे असतात.

यंदा मृगात मी नाल्यातली चार भैकेरं काचेच्या बरणीत आणून पुतण्याच्या खुर्चीजवळ ठेवली. नातीनं एकाला केस लावला, ते सरळ पलीकडच्या काचेपर्यंत गेलं. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘माझ्या पाठीत बी असलंच हाय का?’ मी म्हणालो, ‘हाय.’ त्यानं स्वतः एकदा केस लावून बघितला आणि बरणी नाल्यात रिकामी करायला सांगितली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर
ता. औसा, जि. लातूर